तेरा निर्जळी दिवस

चामराजपेट, बेंगळूर
रविवार, १४ फेब्रुवारी १९६०

ती. स्व. हयवदनकाका,

नमस्कार. जे घडले ते आधी क्रमाने लिहिते. मत शेवटी देईन.

१. १७ जानेवारीला अण्णा, अम्मा आणि मी राजाजीनगरला प्राणेश यांच्या घरी माझ्या लग्नाची बोलणी पक्की करायला गेलो. वाटेत अण्णा बसमधून दोनदा उतरले. पहिल्यांदा ‘ओळखीचे गृहस्थ दिसले’ म्हणाले. दुसऱ्यांदा काहीच म्हणाले नाहीत. दोन्ही वेळा आम्ही तिघे पुढच्या बसची वाट पाहत उभे राहिलो.

२. प्राणेश यांच्या घरी कॉफीबरोबर भजी आली. भज्यांत कांदा होता, जो आमच्या घरात चालत नाही. अण्णा पंधरा मिनिटांत ‘सरी, ठीक आहे, निघतो’ म्हणून उठले.

३. २९ एप्रिलचा मुहूर्त दोन्हीकडून ठरला होता. १ फेब्रुवारीला अण्णांनी तो मार्गशीर्षापर्यंत पुढे ढकलावा असे सांगितले. कारण दिले नाही.

४. दिवाळीपासून अण्णांचे निर्जळी उपवास वाढले आहेत. आजपर्यंत मधूनमधून मिळून एकूण तेरा दिवस त्यांनी पाण्याचा थेंब घेतलेला नाही. मठात त्यांच्या निष्ठेचे कौतुक झाले. अम्माला धन्य वाटते.

५. परसदाराला लोखंडी कडी आहे. संडास परसात आहे. १० तारखेच्या रात्री कडी सात वेळा वाजली. मी उठले नाही, मोजले.

६. दर वेळी परसातला नळ बराच वेळ वाहत असतो.

यावरून दोन निष्कर्ष निघू शकतात. एक, अण्णांना हे स्थळ पसंत नाही. दोन, अण्णांची तब्येत बरी नाही. पहिल्याने २ आणि ३ यांचा उलगडा होतो, दुसऱ्याने १, ५ आणि ६ यांचा. ४ चा अर्थ मला लागलेला नाही.

वडिलांना लघवीविषयी विचारणे मुलीला जमत नाही. अम्मा विचारणार नाही. अण्णा जगात फक्त तुमचे ऐकतात. आमच्या घरात कुठल्याही वादाचा शेवट ‘हयाण्णा असता तर काय म्हणाला असता’ इथे होतो. म्हणून तुम्हाला विचारते, यातले खरे कोणते?

आपली,
क्षमा

•

धारवाड
१९ फेब्रुवारी १९६०

चि. क्षमा,

आशीर्वाद. तीस वर्षं रेल्वेत गार्ड होतो, अपघाताच्या चौकशीचे अहवाल पुष्कळ वाचले. तुझ्या पत्राइतका कोरडा एकही नव्हता. टेलिफोनच्या कारखान्यात तुला तपासणी खात्यात घेतलं ते उगीच नाही. त्या टेलिफोनांची दया येते मला.

आधी कांद्याचं ऐक. कांदाभजी पाहून रघू उठून गेला म्हणतेस? अगं, हुबळी स्टेशनावरची कांदाभजी धोतराच्या सोग्यात लपवून कोण आणायचं आणि कोण खायचं, हे तुझ्या अम्माला सांगू नकोस. मी आणायचो, तुझे वडील खायचे. तो पहिला निष्कर्ष खोडून टाक. मुलगा चांगला आहे असं त्यानं मला डिसेंबरातच लिहिलंय, आणि रघू एखाद्याला ‘चांगला’ म्हणतो तेव्हा दुसरा माणूस त्याची मिरवणूक काढेल.

राहिली तब्येत. बासष्टीत जरा इकडंतिकडं होतंच की. थंडी आहे, कॉफी आहे. तरी विचारतो. धार बारीक झाली आहे का? सुरू व्हायला वेळ लागतो का? मध्येच थांबते का, शेवटी थेंब थेंब होते का? होऊन आल्यावरही अजून शिल्लक आहे असं वाटून पाच मिनिटांत परत जावं लागतं का? लागली की अजिबात दम निघत नाही, असं होतं का? नळ सोडतो त्याचं कारण मला कळलं. पाण्याचा आवाज ऐकला की सुरू व्हायला मदत होते.

हे सगळं मला कसं ठाऊक, तर माझा एक मित्र आहे, हणमंतराव. त्याला हेच झालं होतं. प्रोस्टेट म्हणून एक ग्रंथी असते, ती वाढते. तो बिचारा दोन वर्षं कुणाला बोलला नाही. प्रवासात खिडकीजवळची नव्हे, संडासाजवळची जागा धरायचा. रात्री पाचव्यांदा उठताना पायाला फरशी कशी गार लागते, आणि शेजारी बायको जागी असून झोपेचं सोंग कशी घेते, हे सगळं त्यानं मला सांगितलंय. पुढं त्यानं इलाज केला, आता मजेत आहे.

तेव्हा रघूला डॉक्टरकडं पाठव. माझं नाव घेऊ नकोस, ‘एका गृहस्थांचा अनुभव’ म्हण. मी स्वतः काशीला जाऊन आल्यापासून ठणठणीत आहे, विश्वनाथाची कृपा.

तुझा,
हयवदनकाका

•

चामराजपेट
रविवार, २८ फेब्रुवारी १९६०

ती. स्व. काका,

पत्र मिळाले. पहिला निष्कर्ष खोडला. त्याबद्दल आभारी आहे. तो माझ्या मनात किती मोठा झाला होता हे खोडल्यावर कळले.

तुमचे प्रश्न वाचून मी पंचांग काढले. तेरा निर्जळी दिवसांपैकी एकादश्या सात. उरलेले सहा दिवस कुठले हे अम्माच्या मदतीने काढले. एक राजाजीनगरचा. एक पेन्शन कचेरीचा. एक मठातल्या दीर्घ प्रवचनाचा. एक माझ्या मावसभावाच्या मुंजीचा. दोन जयनगरला जुन्या सोबत्यांना भेटायला गेले ते. म्हणजे ज्या दिवशी घराबाहेर तासाहून जास्त राहायचे, त्या दिवशी अण्णांचे व्रत असते. ४ चा अर्थ लागला. अण्णा देवासाठी तहानलेले राहत नाहीत, बसमधून उतरावे लागू नये म्हणून राहतात. आणि आम्ही त्यांना नमस्कार करत होतो.

परवा, शुक्रवारी, लग्नाचे छत्र, म्हणजे कार्यालय, पाहायला जायचे होते. अण्णांनी पाणी घेतले नाही. म्हणून काल सकाळी ते वर्तमानपत्र वाचत असताना मी विचारले.

“अण्णा, काल पाणी का घेतलं नाहीत?”

“व्रत.”

“काल शुक्रवार होता. कसलं व्रत?”

“गौरीचं.”

“गौरीचं बायका करतात.”

“पुरुषांनी करू नये असं कुठं लिहिलंय?”

“आणि मागच्या महिन्यात सोमवारी?”

“शंकराचं.”

“आपण माध्व, वैष्णव आहोत, अण्णा.”

“मग? शंकरानं आपलं काय वाकडं केलंय? स्वल्प गप्प बसशील का आता? बातमी वाचतोय.”

वर्तमानपत्र त्यांच्या हातात उलटे नव्हते, पण पान मात्र जाहिरातींचे होते.

मी कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना भेटले. माझे नव्हे, वडिलांचे विचारायचे आहे म्हटल्यावर त्यांनी दार लावून घेतले आणि कागदावर आकृती काढून दाखवली. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. ग्रंथी वाढली की नळी दाबली जाते. उतारवयात बहुतेक पुरुषांची थोडीफार वाढतेच, आणि वाढली म्हणजे कॅन्सर झाला असे मुळीच नाही. कधी ग्रंथीला नुसती सूज येते, जंतूंमुळे. तेव्हा जळजळ होते, ओटीपोटात दुखते, ताप येतो. ते तरुणांनाही होते आणि औषधाने बरे होते. कॅन्सर असला तर सुरुवातीला काहीच कळत नाही, किंवा याच तक्रारी असतात. तेव्हा कोणते काय हे घरी बसून ठरवता येत नाही. डॉक्टर बोटाने तपासतात, लघवी आणि रक्त तपासतात, मग सांगतात.

मी विचारले, किती दिवस थांबले तर चालेल? त्या म्हणाल्या, रात्री दोनदा उठावे लागू लागले आणि धार मंदावली, तर त्याच महिन्यात दाखवावे. पण लघवीतून रक्त दिसले, थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी पूर्णच अडली, तर तास मोजायचे, दिवस नाही. पाणी तोडल्याने काही साधत नाही. लघवी घट्ट होते, जास्त जळजळते, जंतूंना फावते. जेवल्यानंतर, निजायच्या आधी कमी प्यावे, कॉफी कमी करावी, पण दिवसा प्यावे.

हे सर्व मी एका कागदावर लिहून अण्णांच्या पोथीत ठेवले. कागद दुसऱ्या दिवशी माझ्या पुस्तकात परत आला. खाली अण्णांच्या अक्षरात लिहिले होते: ‘हयाण्णा सदुसष्ट वर्षांचा आहे. चौसष्टाव्या वर्षी काशी करून आला. त्याला कधी डॉक्टर लागला नाही. आमच्या रक्तात हे नाही.’

आता हणमंतरावांविषयी. त्यांच्या पायाला फरशी गार लागल्याचे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांची बायको झोपेचे सोंग घेत होती हेही ठाऊक आहे. मित्राविषयी इतके तपशील क्वचित कळतात. शिवाय १९५७ च्या कार्तिकात तुम्ही काशीला गेलात आणि महिन्याने आलात. काशीला गेलेला माणूस तिथे एखादी आवडती भाजी किंवा फळ सोडून येतो. त्यानंतर तुम्ही आमच्याकडे आठ दिवस होता. वांगी, तोंडली, पडवळ, सुरण, केळे, फणस, सगळे खाल्लेत. परत आल्यावर मावंदेही घातले नाही. तुमच्यासारखा माणूस जेवणावळीची संधी सोडत नाही.

माझ्या कामात जो भाग तपासणीत उतरत नाही तो मी खुणेची चिठ्ठी लावून परत पाठवते. तुमची काशी परत पाठवत आहे.

आपली,
क्षमा

•

धारवाड
४ मार्च

चि. क्षमा हिस वसुमतीकाकूचे आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी वाचलं, घडी घातली, टोपी घातली आणि वाचनालयात निघून गेले. तीन दिवस हेच चाललंय. रात्री हे निजल्यावर मी पत्र टोपीखालून काढून वाचलं. पोरी, तू कुणाच्या पोटी आलीस गं?

काशी नव्हे, मिरज. मिशनच्या दवाखान्यात सव्वीस दिवस. यांची ग्रंथी कापून काढली. मी सोबत होते. आल्यावर म्हणाले, “वसू, कुणी विचारलं तर काशी.” मी म्हटलं, “अहो, मला काशीतलं काय सांगता येणार?” म्हणाले, “घाट सांग, माकडं सांग.” अडीच वर्षं मी शेजारणींना घाट आणि माकडं सांगतेय. परवा एकीनं विचारलं, अन्नपूर्णेचं देऊळ विश्वनाथाच्या कुठल्या हाताला? मी म्हटलं, तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, दिसलं नाही.

तुमच्याकडं दिलेला गंगेचा गडू खरा आहे हो. आमच्या शेजारच्या अंबुबाई त्याच महिन्यात खरोखर काशीला गेल्या होत्या, त्यांनी आणला. पाण्यात खोट नाही.

हसण्यावारी नेऊ नकोस मात्र. यांनी दोन वर्षं अंगावर काढलं आणि ऐन वेळी आगगाडीत अडलं. त्या दिवशी मी काय पाहिलं ते मला माहीत. बाहेर फुशारकी, आत भित्रे. रघुभावजींनी आपल्याला मोठं मानलंय, त्यांना खोटं कळलं तर काय, हीच भीती. मी पाठीमागं लागते.

हे पत्र पोचल्याचं लिहू नकोस, टपाल आधी हे फोडतात. नुसतं ‘लोणच्याची कृती मिळाली’ असं लिही.

वसुमती

•

चामराजपेट
शनिवार, १२ मार्च १९६०

ती. स्व. काका,

तार मिळाली असेल. तपशील असा.

बुधवारी एकादशी झाली. गुरुवारी, द्वादशीला, अण्णांनी पहाटे पारणे केले. दिवसभराची तहान होती. दोन तांबे पाणी आणि दोन पेले कॉफी एकदम घेतली. सातनंतर लघवी झाली नाही. नऊ वाजता ते देवघरात गेले आणि दार ओढून घेतले. अम्मा समजली, जप चालला आहे. शेजारणीला तिने हळू बोलायला सांगितले. बारा वाजता आतून कण्हण्याचा आवाज आला. तेव्हा ती कोपऱ्यावरच्या छापखान्यात जयसिंगरावांकडे धावली. त्यांच्याकडे फोन आहे. कारखान्यात मला बोलावणे आले तेव्हा माझ्या टेबलावर फोनच होता, तपासून झालेला. त्याच्यावरूनच बोलले. अम्मा म्हणाली, “पोट दगडासारखं झालंय, आणि हे म्हणतात गॅस आहे.” मी म्हटले, “मी येईपर्यंत थांबू नका. जयसिंगरावांची गाडी घ्या, मोठ्या दवाखान्यात जा. मी तिथे येते.”

दवाखान्यात नळी घातली. बत्तीस औंस निघाले. बाटलीवरच्या खुणा मी वाचल्या. अण्णा डोळे मिटून म्हणाले, “नारायण.” मग डोळे उघडून म्हणाले, “क्षमा, तू इथे काय करतेस? बाहेर जा.” मी गेले नाही.

सर्जननी बोटाने तपासले. ग्रंथी बरीच मोठी आहे, पण मऊ आणि दोन्ही बाजूंनी सारखी. कठीण गाठ लागत नाही. हे चांगले लक्षण, पण काढलेली ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच नक्की सांगू, असे म्हणाले. रक्तातला युरिया वाढला आहे, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आला होता. दहाबारा दिवस नळी ठेवायची, युरिया उतरला की शस्त्रक्रिया. नळी काढून नुसते घरी सोडले तर पुन्हा अडण्याची शक्यता मोठी.

अण्णा शस्त्रक्रियेला नाही म्हणतात. काल संध्याकाळी त्यांचे माझे बोलणे झाले. मुहूर्त का ढकलला तेही तेव्हाच कळले. कन्यादानाला अडीच तास पाटावर बसावे लागते. “सगळ्या मांडवासमोर मी तीनदा उठलो असतो,” असे म्हणाले. “मार्गशीर्षापर्यंत बरं वाटेल असं वाटलं.” राजाजीनगरहूनही त्यासाठीच निघाले होते. त्या घरचा संडास दोनदा विचारणे त्यांना जमेना. कांदा होता हे त्यांच्या लक्षातही आले नव्हते. मी माझी नोंद दुरुस्त केली.

मग मी शस्त्रक्रियेचे विचारले. ते म्हणाले, “हयाण्णाला बघ. त्याला कुणी कापलं का? काशीला जाऊन आला आणि घोड्यासारखा आहे. मला घरी ने, मी पण काशीला जाईन.”

काशीचे खरे त्यांना सांगणे माझे काम नाही. सर्जननी सही करण्यासाठी सोमवार, २१ मार्चपर्यंत मुदत दिली आहे.

आपली,
क्षमा

ता. क. काकूंना सांगावे, लोणच्याची कृती मिळाली.

•

धारवाड
१५ मार्च १९६०

चि. रघू,

अनेक आशीर्वाद. हे पत्र अंथरुणावर उठून बसून वाच, आणि शेजारच्या खाटेवरच्याला वाचून दाखवू नकोस.

मी काशीला गेलो नव्हतो. मिरजेला गेलो होतो. तुझं जे झालंय तेच माझं झालं होतं. तुला जी नळी घातलीय तसलीच घातली होती. फरक इतकाच, की तू घरी अडलास, मी चालत्या गाडीत अडलो. लोंढा मागं पडलं, बेळगाव यायचं होतं. मी खिडकीची दांडी धरून उभा. तीस वर्षं गाडीला शिट्टी देऊन सोडणारा माणूस, आणि त्या दिवशी माझ्या हातात काही नव्हतं. वसू दर स्टेशनला विचारायची, “झालं का?” सगळ्या डब्याला कळलं. एका म्हाताऱ्यानं तर नारळाचं पाणी देऊ केलं. मी त्याला मारायचा बाकी ठेवला.

सांगायचं हे की सिग्नल दोन वर्षं पिवळा होता. रात्री उठणं, धार बारीक होणं, खाली वाकून वाट बघणं. पिवळ्याला गार्डानं काय करायचं असतं ते मला कुणी शिकवायला नको होतं. पण मी म्हटलं, वय झालं, चालायचंच. तूही हेच म्हटलंस. आपल्या रक्तात हे नाही म्हणून लिहिलंस म्हणे. आहे, रघू. भरपूर आहे. आपल्या वडिलांचं, तात्यांचं आठव. शेवटची वर्षं ते कुठंच का जात नव्हते, बैठकीतून सारखे का उठायचे? आपण म्हणायचो, तात्या तापट झाले.

आता कापण्याचं. कमरेत एक सुई देतात, खालचं अंग आपलं राहत नाही. मी डॉक्टरला हुबळी ते मिरज सगळी स्टेशनं क्रमानं म्हणून दाखवली, घटप्रभेपर्यंत आलो तोवर झालंसुद्धा. पहिले दोनतीन दिवस नळीतून लाल पाणी येतं, वसू घाबरली होती, पण ते तसंच असतं, डॉक्टर आधी सांगतात. आठदहा दिवसांनी नळी काढतात. पहिल्यांदा आपली आपण झाली तेव्हा, काय सांगू, मला दिवाळसणाची अंगठी मिळाल्यासारखं झालं. काही दिवस शिंकलं तर धोतर ओलं व्हायचं, तेही हळूहळू थांबलं. आणि मग एका सकाळी जागा झालो तर उजाडलं होतं. रात्र सलग गेली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा.

माझ्या शेजारच्या खाटेवर येसाजी म्हणून एक गडी होता. त्याची ग्रंथी कठीण निघाली, कॅन्सर. पाठ दुखते म्हणून वर्षभर तेल चोळत बसला होता. लघवीचा आणि पाठीचा संबंध त्याला कोण सांगणार? त्याला गोळ्या देऊन पाठवलं, अजून सहा-आठ महिन्यांनी कार्ड येतं, बरा आहे म्हणतो, पण डॉक्टर म्हणाले होते, आधी आला असता तर पुष्कळ करता आलं असतं. मला ते रोज आठवतं. तुझ्या डॉक्टरांचं बोट म्हणतंय मऊ आहे. तर आता मागंपुढं बघू नकोस.

खोटं का बोललो? मी थोरला. तू सगळीकडं सांगत फिरतोस, हयाण्णा असा, हयाण्णा तसा. त्या हयाण्णाला बाटली लावलेली तुला कळू नये असं वाटलं. माझ्या त्या खोट्यावर टेकून तू आज सही करत नाहीस, हे क्षमाच्या पत्रात वाचलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. तुला माझं ऐकायची सवय आहे ना? मग ऐक. सही कर. मी शनिवारच्या गाडीनं निघतो. रक्त लागलं तर माझं म्हाताऱ्याचं घेणार नाहीत, पण बाहेरच्या बाकावर बसायला मी चांगला आहे.

तुझा,
हयाण्णा

•

दवाखाना, बेंगळूर
१८ मार्च

ती. हयाण्णास,

पत्र दोनदा वाचले. सही केली.

अडीच वर्षे मी तुझ्या काशीचे पुण्य लोकांना सांगत आहे. मठात सांगितले. पेन्शनवाल्यांत सांगितले. याचे काय करायचे ते आल्यावर बोलू. येताना लोणचे आण, इथे अळणी देतात.

शेजारच्या खाटेवर शिवाप्पा म्हणून एक सुतार आहेत. वय साठ. त्यांना पत्र वाचून दाखवले. तू नको म्हटले होतेस. ते बायकोपासून लपवून आठ महिने काढत होते. आज त्यांनी बायकोला सांगितले. ती म्हणाली, “मला गौरीच्या सणापासून माहीत आहे.”

रघुपती

•

चामराजपेट
रविवार, २४ एप्रिल १९६०

ती. स्व. काका,

तुम्ही ३ तारखेला इथून गेलात. त्यानंतरची स्थिती अशी.

सूक्ष्मदर्शकाचा अहवाल आला. साधी वाढ. कॅन्सर नाही. युरिया योग्य मर्यादेत आला. सर्जननी सहा महिन्यांनी दाखवायला सांगितले आहे, आणि पुढेही वर्षातून एकदा. अण्णा दिवसाला आठ पेले पाणी पितात. अम्मा मोजते, कारण मी मोजले तर ते चिडतात. मागच्या आठवड्यात एक रात्र सोडून परसदाराची कडी वाजली नाही. ती एक रात्र आंब्यांची होती.

एकादशीला सर्जननी पाण्याची सक्ती केली आहे. अण्णांनी मठात जाऊन तसे सांगितले. स्वामींनी हरकत घेतली नाही. उलट तिथल्या तीन वृद्ध गृहस्थांनी अण्णांना बाजूला बोलावून सर्जनचा पत्ता विचारला. अण्णा आता तिथे भलतेच मान्यवर झाले आहेत. काल त्यांनी शिवाप्पांनाही जेवायला बोलावले. दोघे पानावर बसून ज्या विषयावर बोलत होते तो वाढणाऱ्या अम्माने ऐकला नाही असे दाखवले.

मुहूर्त वैशाखातला, गुरुवार १९ मे. सर्जननी शस्त्रक्रियेनंतर आठ आठवड्यांनी विधीला बसायची परवानगी दिली आहे, त्या दिवशी आठ पुरे होतात. परवा अण्णांनी पाटावर बसून सराव केला. एक तास पन्नास मिनिटे. उठण्याचे कारण लघवी नव्हती, गुडघा होता. भटजींशी बोलून मी कन्यादानाचा विधी दोन तासांत बसवला आहे. प्राणेशना हे सर्व मीच सांगितले. ते म्हणाले, माझ्या वडिलांनाही दाखवून आणतो. मला त्यांचे हे उत्तर आवडले. हे तुम्हाला सांगत आहे, इतर कुणाला नाही.

कन्यादानाच्या वेळी अण्णांच्या उजव्या हाताला एक पाट जास्त मांडायला सांगितला आहे. तो तुमचा. दोघांपैकी कुणालाही उठावे लागले तर दुसऱ्याने बसून राहावे, असे अण्णांनीच सुचवले.

आता काशीविषयी. अण्णांचा निर्णय झाला आहे. येत्या कार्तिकात तुम्ही दोघे आणि काकू व अम्मा खरोखर काशीला जायचे. गाडीत जागा संडासाजवळची घेण्याची गरज नाही. पण अडीच वर्षे तुम्ही जे पुण्य आगाऊ घेतले, त्याची भाजी आगाऊ सोडायची, आणि ती लग्नापासून. त्या भाजीचे ताट तुमच्यापुढे येणार नाही. आचाऱ्याची यादी मला करायची आहे. हणमंतराव येणार असतील तर त्यांचे पान वेगळे मांडण्याची आवश्यकता नाही, हे धरून चालते.

वांगी, तोंडली की सुरण, कोणती भाजी सोडत आहात ते गुरुवार, ५ मेपर्यंत कळवावे. त्या दिवसापर्यंत पत्र आले नाही तर वांगी धरीन.

आपली,
क्षमा